मुंबई, सकाळी आठ ते रात्री आठ

मुंबईचे लोक आमच्या बीड जिल्ह्यात येतात ते देवासाठी. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. देवी आमच्या बालाघाटाच्या डोंगरातली आणि कुळं समुद्रकाठची, हा मेळ कसा बसला याची एक कथा आहे. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. ठरलेलं काम ठरल्या वेळी न होण्याची आमच्याकडची परंपरा ही अशी प्राचीन आहे. भक्तमंडळी सकाळी उतरतात, ओटी भरतात, 'तुमच्याकडे ऊन फार हो' असं म्हणतात आणि संध्याकाळी परत जातात. आम्हालाही त्यांचा राग येत नाही. ऊन आहेच.

आम्ही मुंबईला जातो ते मात्र तीन कारणांनी. आजार, नोकरी आणि फाईल. यातला सगळ्यांत चिवट आजार फाईल. निव्वळ मुंबई बघायला म्हणून गाडीत बसलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत माझ्या तरी बघण्यात नव्हता. बघणं हे कामाच्या शेपटाला बांधलेलं असतं. मोंढ्यावर शेंगा विकायला गेलेला माणूस येता येता सिनेमा बघून येतो ना, तसं.

आम्ही गेलो ते १९८८ च्या मे महिन्यात, आणि अर्थातच फाईलपायी. आमचं गाव माजलगावच्या धरणात गेलं. सिंदफणा नदीवरचं हे धरण, जायकवाडीचा दुसरा टप्पा, १९८७ साली पुरं झालं. त्याच्या आधीच आम्हाला उठवून माळावर नवं गाव बसवलं होतं. रस्ते सरळ, घरं ओळीत, झाड एक नाही. जमिनीचा मावेजा थोडाफार हातात पडला होता, घराचा अडला होता. मावेजा म्हणजे नुकसानभरपाई. निजामी गेली १९४८ साली, पण हा उर्दू शब्द आमच्या भागात राहिला, कारण त्याची गरज राहिली. तर ही मावेजाची फाईल बीडहून औरंगाबादला आणि औरंगाबादहून मुंबईला गेली होती. आमच्या घरात तोपर्यंत मुंबई बघितलेली ती एकटीच.

एका फाईलपायी आठ माणसं कशाला, असं तुम्ही विचाराल. बसच्या कंडक्टरनंही तेच विचारलं होतं. पण आबांचा त्यामागं विचार होता. आबा म्हणाले, "एकटा मानूस साहेबासमोर उभा ऱ्हायला की साहेबाला वाटतं एकच मानूस बुडालाय. सगळं घर दिसलं पायजे." म्हणून आबा, माय, मी, आमची ही, धाकटा भाऊ, अक्का, दाजी आणि अक्काचा सहा वर्षांचा गोट्या असं सगळं घर दाखवायला निघालं. बरोबर दोन पिशव्या धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि फाईलमधल्या कागदांच्या नकला. नकलांना धपाट्यांचं तेल लागलं ते बीडच्या स्टँडवरच.

दाजी येणं अपरिहार्य होतं. कारण दाजींनी मुंबई बघितलेली होती. कुठली मुंबई, तर देवनार. बकरी ईदच्या आधी ते एकदा ट्रकमधून शेळ्या-बोकड घेऊन देवनारच्या बाजाराला गेले होते, तीन दिवस तिथंच राहिले होते आणि त्याच ट्रकनं परत आले होते. पण एवढ्या भांडवलावर त्यांनी गावात पाच वर्षं मुंबईवर व्याख्यानं दिली होती. त्यांच्या हिशेबी मुंबई म्हणजे देवनार आणि त्याच्या आजूबाजूची वस्ती.

उतरायची सोय एका आमदारांच्या खोलीत झाली. आमदार निवासातली खोली ही काय चीज असते, हे ज्यांनी तिथं रात्र काढलीय त्यांनाच ठाऊक. आमदार मतदारसंघात असतात आणि मतदारसंघ त्यांच्या खोलीत असतो. आमच्या आधी तिथं दोन शिक्षक बदलीसाठी, एक पेशंट, पेशंटचे तीन नातेवाईक आणि एक पैलवान असे मुक्कामाला होते. पैलवान कशासाठी आला होता ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. सतरंजीवर सगळे एका कुशीवर झोपले आणि रात्री एकानं कूस बदलली की ओळीनं सगळ्यांना बदलावी लागली.

शनिवारी कचेरीत गेलो. साहेब नव्हते. "सोमवारी या," शिपाई म्हणाला. आबांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून ठेवलं होतं. गोट्याच्या डोक्याला तेल लावून भांग पाडला होता. शिपायानं त्या ओळीकडं बघितलं आणि बहुधा त्याला दया आली. म्हणाला, "उद्या रविवार आहे. एवढी माणसं आणलीत, तर मुंबई तरी दाखवा त्यांना."

त्या संध्याकाळी गोट्यानं दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढच्या खिडकीत बसून घेतलं. घरावर घर ठेवलेली ही बस त्याला इतकी आवडली की उतरताना त्याला उचलून आणावा लागला. ती लाल डिझेलची दुमजली बस २०२३ च्या १५ सप्टेंबरला शेवटची धावली. आता विजेवरची थंड हवेची दुमजली आहे. गोट्याही आता चाळिशी ओलांडून गेलाय.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही एका खाजगी बसमध्ये बसलो. सकाळी आठ ते रात्री आठ, संपूर्ण मुंबई. टूरवाल्याचा गाईड हा एक तरतरीत पोरगा होता. तो कुठल्याही स्थळाबद्दल तीन वाक्यं बोलायचा आणि चौथं वाक्य कायम एकच असायचं, "चलो चलो, दस मिनिट." पंढरीच्या वारीत कळसाचं दर्शन घेऊन परतणारे वारकरी मी बघितलेत. पण मुंबईचं नुसतं कळसदर्शन घडवणारा हा पहिलाच बडवा.

पहिलं गेटवे. आबांनी खालून वर बघितलं. सव्वीस मीटर उंच दार. मग बाजूला जाऊन डावी-उजवीकडं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आरं, दार हाय, पन कवाड कुठंय? आन् भिंत?"

"भिंत असंल तिकडं, देवनारच्या बाजूला," दाजी म्हणाले.

गाईड सांगत होता की हे दार इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज इथं उतरला त्याच्या आठवणीसाठी बांधलं. राजा आला १९११ साली. कोनशिला बसली १९१३ साली. दार पुरं झालं १९२४ साली. हा हिशेब आबांनी बोटांवर केला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. राजाचं काम तेरा वर्षं रेंगाळलं! मग आपली फाईल म्हणजे काहीच नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण याच दारातून बोटीवर चढली, असंही गाईडनं सांगितलं. म्हणजे आले तेव्हा दार नव्हतं, जाताना मात्र रीतसर दारातून गेले. (बीड शहरात आगगाडी आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला. तिची मागणी करत करत किती पिढ्या म्हाताऱ्या झाल्या ते मी सांगत बसत नाही. राजाच्या तेरा वर्षांचं कौतुक आम्हालाच कळतं, एवढंच.)

गेटवेवर फोटोग्राफर होते. फोटो आत्ता काढायचा, पैसे आत्ता द्यायचे आणि फोटो पोस्टानं घरी. धाकट्यानं हट्टच धरला. आठहीजण ओळीत उभे राहिलो. आबांनी मला फाईलची पिशवी छातीशी धरायला लावली, का ते विचारायची सोय नव्हती. फोटो निघाला. मग फोटोग्राफरनं वही काढली आणि म्हणाला, "पत्ता बोलो."

आबांनी गावाचं नाव सांगितलं.

"ते बुडालं की," माय म्हणाली.

फोटोग्राफरची पेन्सिल थांबली. "क्या बोली?"

"काही नाही, तुम्ही लिहा," मी म्हणालो, "गावाच्या नावापुढं पुनर्वसित."

हा शब्द त्यानं तीन वेळा विचारून घेतला. एका फोटोसाठी एवढा अवघड पत्ता त्याला त्या दिवसात दुसरा मिळाला नसावा. शेवटी त्यानं काहीतरी लिहिलं, त्यात 'पु' तेवढा मला वाचता आला. हा फोटो काही घरी पोचत नाही, याबद्दल आमचं एकमत झालं आणि आम्ही बसमध्ये बसलो.

म्युझियममध्ये वीस मिनिटं. त्यातली पंधरा मिनिटं चपलांच्या चिंतेत गेली, पाच मिनिटं मूर्तींना नमस्कार करण्यात. अक्कानं तर काचेच्या कपाटाभोवती प्रदक्षिणाही घातली. रखवालदार काही बोलला नाही. देवांनाही बरं वाटलं असणार, किती दिवसांनी कुणीतरी त्यांना देव म्हणून बघितलं.

मग मरीन ड्राइव्ह. समुद्र, समुद्र म्हणतात तो आता नीट दिसणार म्हणून सगळे सावरून बसले. पण आमच्या आठही जागा उजव्या बाजूला होत्या आणि समुद्र डाव्या बाजूला होता. डावीकडं बसलेलं एक कुटुंब खिडकीला असं चिकटलं होतं की अरबी समुद्र त्यांनी बारा तासांसाठी मक्त्यानं घेतलाय. आम्हाला दिसल्या त्या समोरच्या इमारती. गोल गोल गॅलऱ्यांच्या, पावाच्या लाद्या एकावर एक रचून ठेवल्यासारख्या. २०१८ साली युनेस्कोनं मुंबईतल्या अशा इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात या मरीन ड्राइव्हच्याही आल्या. पेपरात ते वाचलं तेव्हा मला कळलं की आम्ही बरोबर बाजूला बसलो होतो. समुद्र काय, यादीत नाही.

गाईड म्हणाला, "ये पूरा रास्ता, ये बिल्डिंगा, सब पहले समंदर था. भरती करके जमीन बनाया."

आबांनी मला ते मराठीत सांगायला लावलं. मी सांगितलं की १९२० नंतर इथं समुद्रात भराव टाकला आणि त्यावर हे सगळं उभं राहिलं. मुंबई म्हणजे मुळात सात बेटं, मधलं पाणी हटवून हटवून एक केलेली.

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी आपल्याकडं पान्यानं मानसाची जमीन घेतली, आन् हितं मानसानं पान्याची."

"व्हय."

"मग समुद्राला मावेजा किती दिला?"

मी काय सांगणार? मी जिल्हा परिषदेचा मास्तर. धाकटा हसला. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ मागं वळून आबांकडं बघायला लागले. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. पण पुढं २००५ च्या २६ जुलैला एका दिवसात साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली तेव्हा आबांचाच प्रश्न आठवला. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात ना, तो समुद्र तारखेला हजर राहतो असं आबा नंतर म्हणत असत.

तारापोरवाला मत्स्यालयात मात्र गोट्याचं सार्थक झालं. काचेमागं रंगीत मासे. माय म्हणाली, "ह्यांचं बरंय. भिताडाला हात लावला की गाव संपलं." १९५१ साली उघडलेलं ते मत्स्यालय आता बंद झालंय.

तिथून मलबार हिलवर. आधी म्हातारीचा बूट. एवढा मोठा बूट कुणाचा, दुसरा कुठंय आणि म्हातारी अनवाणी कुठं गेली, या गोट्याच्या तीन प्रश्नांना दाजींनी 'देवनार' हे एकच उत्तर दिलं. बुटाच्या सावलीत धपाटे सोडले. समोर खाली चौपाटी आणि अख्खा समुद्र पसरला होता, पण भूक लागली होती. माझं स्पष्ट मत आहे की समुद्र हा धपाट्यानंतर बघावा.

मग रस्त्यापलीकडं हँगिंग गार्डन. ह्याबद्दल दाजींनी गावात सांगून ठेवलं होतं की ही बाग साखळ्यांना टांगलेली आहे आणि वारा आला की हलते. गोट्यानं आत शिरल्याबरोबर जमिनीवर पाय आपटून बघितला. बाग हलली नाही. तो रडकुंडीला आला. "लोंबकळती कुठं?"

झाडं कातरून हत्ती, बैल असे प्राणी केले होते. दाजींनी त्या हिरव्या हत्तीच्या पायाचा पाला चुरगाळून हुंगला आणि व्यापारी नजरेनं म्हणाले, "इथं चार शेळ्या सोडल्या तर दुपारपर्यंत हत्ती खल्लास."

तेवढ्यात गाईडनं आपली तीन वाक्यं म्हटली. "ये गार्डन के नीचे पानी का टंकी है. पूरा साउथ बॉम्बे को यहीं से पानी जाता है. उसके ऊपर गार्डन है, इसलिए हँगिंग गार्डन. चलो चलो, दस मिनिट."

माय थांबली. "काय म्हनला ह्यो? खाली पानी हाय?"

"व्हय माय. टाकी हाय. तिच्यावर बाग केलीय."

"केवढी?"

हा आकडा मला तेव्हा माहीत नव्हता. आज माहीत आहे, १४ कोटी ७० लाख लिटर. १८८० च्या सुमाराला इंग्रजांनी बांधलेली टाकी. शेजारीच पारशी लोकांची दोखमा आहे, तिथल्या गिधाडांनी पाण्यात काही टाकू नये म्हणून ती झाकून वर बाग केली असं सांगतात. मी आपलं म्हणालो, "लई मोठी. आपल्या गावासारखी पाच-पन्नास गावं वर्षभर पितील एवढी."

मायनं काय करावं? तिनं पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि गवतावर पाय ठेवला. "माय, इथं चपला चालतात," ही म्हणाली. "पान्यावर पायतान घालून चालू का मी?" माय म्हणाली आणि थेट बागेच्या मधोमध जाऊन बसली. हातानं गवत थोपटलं. कान देऊन बघितलं. आजूबाजूला लोक भेळ खात होते, एक जोडपं छत्रीत तोंड घालून बसलं होतं, त्यांच्याकडं बघून म्हणाली, "पान्यावर बसून भेळ खायलेत, आन् कुनाला म्हाईतच न्हाई."

ज्यांना हे वाचून हसू येईल त्यांना एक सांगतो. १९७२ च्या दुष्काळात माझी माय दोन कोसांवरून पाणी आणत होती आणि दिवसा खडी फोडत होती. घागरीत पाणी किती आहे हे ती न बघता, वरून बोट वाजवून सांगायची. तिनं त्या गवतावरही बोटं वाजवून बघितली.

जवळच एक माळी खुरपत बसला होता. चाळिशीचा, डोक्याला टॉवेल.

"दादा," माय म्हणाली, "खाली खरंच पानी हाय का?"

"हाय की मावशी."

"येतं कुठून?"

"तानसा, वैतरणा. शंभर किलोमीटरावरनं येतं, नळानं."

"तिथं धरन हाय?"

"धरणंच हायत ती."

"मग गावं गेली असतील."

माळ्यानं खुरपं खाली ठेवलं. "गेली असतील. आमचं बी गेलं. कोयनंत."

"आमचं सिंदफनंत," माय म्हणाली आणि थोडी सरकली. माळीही थोडा सरकला. दोन गावची माणसं एखाद्या लग्नात भेटावीत आणि पाहुणपण निघावं, तसं झालं. कोयनेचं पाणी त्यांच्या गावात शिरलं तेव्हा तो शाळेत होता. वडिलांनी देव पिशवीत घातले, म्हशी पाव्हण्यांकडे सोडल्या आणि मुंबई धरली. मायनं आमची चिंच सांगितली. दारातली चिंच तोडायला माणूस आला तेव्हा आबा दिवसभर गोठ्यात बसून राहिले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मावेजा मिळाला का?" मायनं विचारलं.

"मिळाला की. थोडा थोडा."

"किती सालं लागली?"

माळ्यानं बोटं मोजायला सुरुवात केली. एक हात झाला, दुसरा हात झाला, मग त्यानं पहिला हात पुन्हा घेतला. आबा मागं उभे राहून ते बघत होते. गेटवेवर उजळलेला त्यांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

बसचा हॉर्न वाजायला लागला. गाईड धावत आला. "अरे माताजी, दस मिनिट बोला था, आधा घंटा हो गया!" बसमधले लोक खिडकीतून डोकावत होते. माय उठायला तयार नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं. एवढ्या लांबून आलो, तर झाकण उघडून एकदा पाणी दाखवा.

"झाकण हाय मावशी," माळी म्हणाला, "पन कुलूप हाय. चावी साहेबाकडं."

"साहेब सोमवारी येत असंल," आबा म्हणाले.

माळ्यानं निघताना मायच्या ओटीत तगरीची दोन फुलं टाकली. त्यानं गाव कुठलं सांगितलं ते नाव तिनं शेवटपर्यंत लक्षात ठेवलं. आमच्या शाळेच्या नकाशात मी ते शोधलं, सापडलं नाही. नकाशा नवा होता.

मी नंतर थोडं वाचलं. मुंबईचं पहिलं धरण विहारचं, १८६० चं. मग तुळशी, १८९२ चं तानसा, १९५७ चं मोडकसागर, पुढं भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. आज सात धरणांमधून रोज पावणेचारशे कोटी लिटरांच्या वर पाणी या शहराला लागतं. आणि त्यातली तानसा-भातसासारखी मोठी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. हे मी मायला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्यात वाचायचं काय? मी तवाच म्हनलं होतं." २०२३ साली ही मलबार हिलची टाकी पाडून नवी बांधायचा बेत निघाला होता. झाडं जातात म्हणून तिथल्या लोकांनी आवाज उठवला, तज्ज्ञ आले, आत उतरून बघून गेले, आणि दुरुस्तीवर भागेल असं ठरलं. टाकीच्या वरच्या माणसांचं किती ऐकतात बघा.

त्यानंतरची मुंबई मला फारशी आठवत नाही. महालक्ष्मी बाहेरून, हाजी अली रस्त्यावरून, वरळीचं तारांगण चालत्या बसमधून. जुहूला मात्र बस एका बंगल्यासमोर थांबली, कारण धाकट्यानं सकाळपासून गाईडला तीन वेळा चहा पाजला होता. अमिताभ बच्चनचा बंगला. फाटक बंद, बाहेर शंभरेक माणसं, सगळ्यांच्या माना वर. धाकट्यानं केस सारखे केले. तासभर थांबलं तरी कुणी बाहेर येणार नाही हे स्पष्ट होतं. आबांनी विचारलं, पाटीवर काय लिहिलंय. मी वाचलं, "प्रतीक्षा."

"म्हंजी?"

"वाट बघणं."

आबांनी त्या एवढ्या मोठ्या फाटकाकडं सहानुभूतीनं बघितलं. "ह्यांची बी फाईल अडकली काय रं?"

जुहूच्या वाळूत सूर्य बुडाला. पाण्यात पाय सगळ्यांनी घातले. दाजींनी लाटेबरोबर एक चप्पल घालवली, ती देवनारला निघेल असं अक्का म्हणाली आणि पाच वर्षांचं उसनं फेडून टाकलं.

सोमवारी साहेब होते. पण आत जायचा पास दोघांनाच मिळाला. सहा माणसं बाहेर फूटपाथवर बसली, भांग पाडलेला गोट्याही. आबांनी दाखवायला आणलेलं घर दाखवायचं राहून गेलं. टेबलावरचे कारकून माणूस बरा होता. फाईल चाळून म्हणाले, जुन्या घराचा एक उतारा कमी आहे, तो गावच्या चावडीतून आणा. चावडी धरणात आहे असं आबांनी सांगितलं. "मग तसा दाखला आणा," ते म्हणाले. चावडी बुडाल्याचा दाखला कुठल्या चावडीत मिळतो, हे त्यांनाही सांगता येईना.

श्रावणात एक दिवस पोस्टमन नव्या गावात सायकल हाणत आला. पाकिटावर जुन्या गावाचं नाव, त्यापुढं 'पुनरवसीट' असं काहीतरी, त्यापुढं माजलगाव, आणि पाकिटात फोटो. फोटोग्राफरनं शब्द पाळला होता. आठ माणसं टणक उभी, सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक झालेले, माझ्या छातीशी पिशवी. गेटवेचा एक कोपरा आणि दोन कबुतरं. सगळ्या गल्लीनं फोटो बघितला. बायका मायला विचारायच्या, मुंबईत काय काय बघितलं, आणि माय टाकीपासून सुरू करून माळ्यापाशी संपवायची. फोटो भिंतीवर लावायला म्हणून धाकट्यानं काच आणली, तर फोटो जागेवर नव्हता. तो आबांनी फाईलच्या नकलांमध्ये घालून ठेवला होता.

दिवाळीनंतर आबा आणि मी पुन्हा मुंबईला गेलो, या वेळी दोघंच. टेबलावर तेच कारकून होते. आबांनी कागद एकेक करून पुढं ठेवले. तलाठ्याचा दाखला, ग्रामपंचायतीचा ठराव, आणि त्यावर फोटो.

"हे काय?" कारकुनांनी विचारलं.

"खातेदार," आबा म्हणाले. "सगळी आठ हायत. मोजून घ्या साहेब. पुढल्या खेपंला एखादं कमी भरंल."

कारकुनांनी चश्मा वर केला. फोटो उजेडाकडं धरून बघितला, एकेका माणसावर बोट ठेवून खरंच मोजलं. मग फोटो उलटा करून पाठीमागचा शिक्का वाचला.

"गेटवेचा फोटो म्हणता," ते म्हणाले, "पण ह्यात गेटवे कुठंय?"

"मागं हाय," आबा म्हणाले. "आमी मधी आलोत."